‘पाणी पी’ म्हणणारं घर : एकशे तेरा किलोमीटरच्या शर्यतीतल्या सपोर्टचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या वहिनीचं आहे. तिने मजकूर वाचला, दोन ठिकाणी खोडला आणि मग लिहायला होकार दिला.

आमचं घर बेळगावात, शहापूरला. घरात आई, दादा, वहिनी आणि त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा. मी त्याच गल्लीत चार घरं सोडून राहते, शाळेत शिकवते. दादाचं उद्यमबागेत मशीन शॉप आहे. वहिनी एका सोसायटीत कॅशियर. शर्यत गोव्यातली : समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, लगेच ९० किलोमीटर सायकल, लगेच २१.१ किलोमीटर धावायचं, आणि हे सगळं साडेआठ तासांच्या आत. बेरीज ११३, म्हणून आमच्याकडचे सायकलवाले तिला नुसतं ‘एकशे तेरा’ म्हणतात.

दादाने ही शर्यत दोनदा पूर्ण केली. त्या दोन वर्षांत ‘सपोर्ट कोण करतंय?’ असं कुणी विचारलं असतं, तर आम्ही सगळ्यांनीच हात वर केला असता. आम्ही गाडी करून गेलो होतो, रस्त्याकडेला उभं राहून ओरडलो होतो, मेडलसकट फोटो काढले होते. खरा सपोर्ट वहिनी करत होती आणि तो आम्हाला दिसलाच नव्हता. पहाटे साडेचारला पेज शिजायची आणि तिच्यात मीठ चमच्याने मोजून पडायचं. जून ते सप्टेंबर बेळगावचा पाऊस माणसाला वाळू देत नाही. ओले बूट वर्तमानपत्राचे बोळे कोंबून चुलीशेजारी कोण ठेवत होतं, हा प्रश्न कधी पडला नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर प्रत्येक रविवारच्या चौकोनात पेन्सिलीने दोन बारीक आकडे लिहिलेले असायचे. मला वाटायचं, दुधाचा हिशेब असेल.

तिसऱ्या वर्षी वहिनीने स्वतःचं नाव घातलं. वय त्रेचाळीस. पोहायला ती लहानपणी माहेरी, नंदगडकडच्या विहिरीत पाठीला भोपळा बांधून शिकलेली. घरी खरंच सगळ्यांना आनंद झाला. दादाने स्वतःची सायकल तिच्या मापाला बसवून घेतली. संध्याकाळचा स्वयंपाक आईने अंगावर घेतला. गोवावेसच्या तलावावर सकाळची बॅच मिळाली तेव्हा भाचा तिला रोज सोडायला जायचा. नवरात्र आलं आणि नऊ दिवसांच्या उपासाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा आई म्हणाली, “तुझ्या वाटचा उपास यंदा मी धरते. तू जेव.” आई त्र्याहत्तर वर्षांची आहे. ते वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं.

एवढं सगळं असूनही एक जागा रिकामी राहिली, आणि प्रकरण तिथेच घडलं. वहिनी दादासाठी जे करायची ते कुणालाच येत नव्हतं. ती स्वतः सांगू शकली असती, पण तिला विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सपोर्ट म्हणजे माया, आणि माया काय शिकायची असते, असं आम्ही धरून चाललो होतो. आम्हाला एकच गोष्ट ठाऊक होती, जी प्रत्येक घरात ठाऊक असते : गोवा उकडतं, घाम फार येतो, पाणी पीत राहायचं.

शर्यतीचा दिवस

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे. ऑक्टोबरात इथे सकाळी अंगावर शाल घ्यावी लागते. जांबोटी, कणकुंबी मागे टाकून चोर्ला घाट उतरला की हवा जड होते. आम्ही तेव्हापासूनच सुरुवात केली. गाडीत दर अर्ध्या तासाला बाटली तिच्या हातात. रात्री जेवताना, झोपताना, पहाटे उठल्यावरही. शर्यतीत आम्ही पाच जण वेगवेगळ्या वळणांवर उभे राहिलो आणि ती दिसली की प्रत्येक जण तेच ओरडत होता : “पाणी पिऊलालीस न्हवं? पी, पी!” ती गुणी बाई आहे. प्रत्येक पाणपोईवर दोन-दोन ग्लास प्यायली.

पोहणं बावन्न मिनिटांत झालं. सायकलला चार तासांना दोन मिनिटं कमी लागली. धावताना दहा किलोमीटरपर्यंत ठीक होती. पंधराव्या किलोमीटरपाशी मी उभी होते, तिथे ती चालत आली. चेहरा सुकलेला असेल असं मला वाटलं होतं. तो उलट फुगलेला होता. अंगठी बोटात रुतली होती आणि दोन्ही बाजूंनी मांस वर आलं होतं. डोकं ठणकतंय म्हणाली, मळमळतंय म्हणाली. मी सोबत चालत चालत विचारलं, “आज वार कुठला?” तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “आई, पोरगा शाळेला गेला काय?”

दादा पळत आला. सहा किलोमीटर राहिले होते आणि हातात सव्वा तास होता. नुसतं चालूनही जमण्यासारखं होतं. तो म्हणाला, “अजून सहाच राहिलंय की गे, चल!” आणि पाण्याची बाटली पुढे केली.

तिथे दोन गोष्टी एकदम समोर आल्या. पहिली नियमाची. अशा शर्यतीत बाहेरच्या माणसाने स्पर्धकाला काही देता येत नाही. पाणी नाही, खाणं नाही, बूट नाही. दिलं तर स्पर्धक बाद होऊ शकतो. दुसरी गोष्ट मोठी होती. ही आपली वहिनी बोलत नाही, एवढं मला कळलं. नाव काय, कारण काय, ते ठाऊक नव्हतं. मी बाटली घेतली नाही. पाणपोईवरच्या स्वयंसेवकाकडे धावत गेले आणि म्हणाले, तिला थांबवा, ती मला ओळखत नाही.

तिला थांबवलं. शर्यत तिथे संपली. संपवली मी. दादाच्या डोळ्यांत तेव्हा जे होतं ते मी विसरणार नाही.

वैद्यकीय तंबूतून तिला रुग्णालयात नेलं. दादाचा एकच धोशा, “सलाईन लावा, पाणी कमी पडलंय.” तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी आधी वजन घ्यायला लावलं. त्याच पहाटे खोलीवर घेतलेलं वजन ५८.२ होतं. आता ५९.४ भरलं. सात तास उन्हात राबलेलं माणूस एक किलो दोनशे ग्रॅमने वाढलं होतं. रक्तातलं सोडियम १२८ आलं. ते १३५ ते १४५ च्या दरम्यान असायला हवं. पाणी कमी पडलं नव्हतं, जास्त झालं होतं.

नर्सने अंगठी काढली ती दोऱ्याने. दोऱ्याचं टोक अंगठीखालून सरकवलं, वरच्या भागावर बोटभर घट्ट वेढे दिले, सूज दाबली गेली आणि मग खालून दोरा उलगडत अंगठी एक-एक वेढा वर चढवली. पाच मिनिटं लागली. दादा तिथेच उभा होता, आणि तो पहिल्यांदा गप्प झाला तो तेव्हा.

तिला तीन टक्क्यांचं मिठाचं द्रावण दिलं, शंभर मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या ग्लासाएवढं. नेहमीचं सलाईन ०.९ टक्क्यांचं असतं. अशा वेळी ते बाटल्या-बाटल्या चढवलं तर परिस्थिती बिघडू शकते, हे आम्हाला तिथेच कळलं. संध्याकाळपर्यंत ती शुद्धीत नीट बोलू लागली. तिने पहिलं विचारलं, “मी संपवली काय?”

कारण कुठे होतं

घाट चढताना गाडीत कुणी बोललं नाही. दादा माझ्याशी तीन आठवडे बोलला नाही. डॉक्टरबाईंनी सगळं समजावून सांगितलं होतं, त्याला पटलंही होतं, तरी सहा किलोमीटर त्याच्या मनातून जात नव्हते. मी त्याला दोष देत नाही. ज्याने स्वतः शेवटचे सहा किलोमीटर पायांत गोळे घेऊन पार केलेत, त्याला थांबवणं हे विश्वासघातासारखं वाटणारच.

मी मात्र शिक्षिका आहे, वही काढून बसले.

पहिलं म्हणजे शरीर काय करतं ते. लांब श्रमात शरीर पाणी धरून ठेवणारं संप्रेरक सोडतं, लघवी कमी होते. त्यात तहानेपेक्षा जास्त पाणी ओतलं की ते बाहेर पडत नाही, रक्तातलं मीठ पातळ होतं आणि पेशी फुगतात. मेंदू कवटीत असतो, त्याला फुगायला जागा नसते. म्हणून डोकं ठणकतं, मळमळतं, माणूस बरळतं. पाणी कमी पडल्यावरही डोकं दुखतं, चक्कर येते. वरवर दोन्ही सारखं दिसतं, आणि घरचं माणूस हमखास पाण्याची बाटली पुढे करतं. ओळखायची खूण सूज आणि वजन.

२००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं. त्यांतल्या १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. धोका कुणाला जास्त? ज्यांचं धावताना वजन वाढलं त्यांना, आणि ज्यांना चार तासांहून जास्त लागले त्यांना. वेगवान धावपटूला प्यायला सवडच नसते. हळू जाणाऱ्याला प्रत्येक पाणपोईवर थांबता येतं, शिवाय त्याचा घामही तासाला कमी जातो. वहिनी हळू जाणारी आहे, बारीक चणीची आहे, आणि तिच्या वाटेवर पाच नातेवाईक उभे होते.

दादाने सायकल झाल्यावर घे म्हणून गुडघेदुखीची एक गोळी तिला आदल्या रात्रीच देऊन ठेवली होती. डॉक्टरबाईंनी तेही विचारून घेतलं. अशा वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाच्या कामात अडथळा आणू शकतात, लांबच्या शर्यतीत त्या घेऊ नयेत, असं त्यांनी बजावलं. दादा ती गोळी दोन्ही वर्षी स्वतः घेत आला होता.

मग मी कॅलेंडरकडे वळले. वहिनीला विचारलं, हे दोन आकडे कसले? ती म्हणाली, “त्यांचं वजन. सायकलीला जायच्या आधीचं आणि आल्यावरचं.” कुणी शिकवलं होतं तुला? कुणी नाही. दादा एका रविवारी येऊन चक्कर येऊन पडला होता, तेव्हापासून ती बघत होती किती उतरतं ते. किती उतरलं त्यावरून पुढच्या रविवारी बाटल्या किती भरायच्या आणि पेजेत मीठ किती घालायचं, ते ती ठरवायची. उपचारापर्यंत जे आम्हाला माहीत नव्हतं, ते दोन वर्षं आमच्याच भिंतीवर लिहिलेलं होतं. स्वतःचे आकडे तिने कधी लिहिले नव्हते. ती परत आली की वजनकाट्यावर उभी राहण्याऐवजी डबे भरायला ओट्यापाशी उभी राहायची.

ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त लागली. गल्लीगल्लीत आता बायका धावायला, सायकल चालवायला बाहेर पडताहेत. त्यांच्यामागे घर उभं आहे, असं आपण कौतुकाने म्हणतो. पण घरातलं जे माणूस मागे उभं राहायचं तेच पुढे गेलेलं असतं. मागची जागा कुणीतरी शिकून भरावी लागते.

भाच्याने वाचून एक गोष्ट सांगितली. १९७८ साली हवाईत पहिली आयर्नमॅन, म्हणजे पोहणं-सायकल-धावणं यांची लांब पल्ल्याची शर्यत, झाली, तेव्हा प्रत्येक स्पर्धकाने स्वतःची सपोर्टची माणसं आणायची होती. सुरुवात करणारे पंधरा, संपवणारे बारा. जॉन डनबारच्या माणसांकडचं पाणी धावण्याच्या टप्प्यात संपलं, त्यांनी त्याला बिअर दिली. तो दुसरा आला, गॉर्डन हॉलर पहिला. न्यूझीलंडमध्ये १९८३ पासून चालणारी ‘कोस्ट टू कोस्ट’ २४३ किलोमीटरची आहे. धावणं, सायकल आणि कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी. तिथे सपोर्टची माणसं गाडीने पुढे-पुढे जाऊन साहित्य तयार ठेवतात आणि तो शर्यतीचाच भाग मानतात. आपण ज्या शर्यतीला जातो तिथे मात्र बाहेरची मदत बंद. म्हणून आधी विचारावं, या शर्यतीत घरच्यांना काय करता येतं? आम्ही तीन वर्षं नियमपुस्तिका उघडलीच नव्हती. आनंदाच्या भरात स्पर्धकाबरोबर शेवटची रेषा ओलांडणं अशा शर्यतींत चालत नाही, हेही आम्हाला नंतर कळलं. दादाच्या दुसऱ्या शर्यतीत भाचा त्याच्याबरोबर रेषा ओलांडता ओलांडता थोडक्यात राहिला होता.

पुढचं वर्ष

वहिनी पुन्हा नाव घालणार हे तिने दिवाळीच्या फराळाला सांगितलं. आईचा विरोध होता. आईने विचारलं, “परत तसं झालं तर?” उत्तर कुणाकडेच तयार नव्हतं, आणि ते बरंच झालं. त्यातूनच आम्ही कामाला लागलो.

घाम मोजायचं काम भाच्याने घेतलं. एप्रिलमध्ये, कारण बेळगाव तेव्हाच खरं तापतं. तासभर धावायचं, आधी आणि नंतर अंग पुसून वजन करायचं. उतरलेलं वजन अधिक प्यायलेलं पाणी, म्हणजे तासाचा घाम. एक किलो म्हणजे जवळजवळ एक लिटर. आधी ५८.४, नंतर ५७.९, मध्ये प्यायली तीनशे मिलिलिटर. म्हणजे तासाला आठशे. गेल्या वर्षी ती शेवटच्या तासांत त्याहून कितीतरी जास्त पीत होती. आता ठरलं : तहान लागेल तसं प्यायचं, आठशेच्या पुढे कधीच नाही.

मिठाबद्दल माझाही एक गैरसमज होता. मला वाटलं होतं, ओआरएस घेतलं की झालं, मग कितीही प्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर ओआरएसमध्ये सोडियम ७५ मिलिमोल असतं, आणि रक्तात १४० च्या आसपास. म्हणजे ओआरएससुद्धा रक्तापेक्षा पातळच. तहानेपेक्षा जास्त प्यायलं तर तेही रक्त पातळच करणार. पाकीट एक लिटरचं असेल तर ते एक लिटरमध्येच विरघळवायचं, अर्ध्या बाटलीत अर्धं पाकीट अंदाजाने टाकायचं नाही, हा नियम भाच्याने फ्रिजवर चिकटवला.

उष्णतेची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. वहिनीला एवढी रजा मिळणं शक्य नव्हतं. दादाने शॉपमधल्या पत्र्याच्या शेडखाली ट्रेनर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड, लावून दिला. ऑक्टोबरात दुपारच्या सुट्टीत ती बारा दिवस तिथे सायकल चालवायची. शेजारी कुणीतरी बसलेलं असलंच पाहिजे, ही अट. बहुतेक वेळा दादाच बसायचा, शॉपची बिलं मांडीवर घेऊन.

खाण्याचं काम आईने धरलं, वहिनीकडून विचारून. तासाला चाळीस-पन्नास ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, म्हणजे नक्की काय, हे तिने स्वयंपाकघरातल्या वाट्यांनी मोजलं. मीठ लावलेला मऊ भात मुठीएवढे गोळे करून, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, केळी. माझ्या मावशीने आणलेला कुंदा आईने डब्यात बंद करून ठेवला : तूप-खव्याचं पोटात बसतं, शर्यत झाल्यावर.

जोडव्यांवरून थोडं झालं. धावताना पाय सुजतात आणि बोटांमध्ये घासतात, म्हणून वहिनीला ती काढायची होती. आई दोन दिवस गप्प राहिली. मग स्वतःच तिच्या पायांशी बसून काढली आणि आपल्या पदराला बांधली. अंगठी आणि बांगड्या घरीच राहिल्या.

सगळ्यांत अवघड गोष्ट ही होती की थांबवायचं कुणी. ते वहिनीनेच ठरवलं. शुद्ध असताना निर्णय तिचा. ती बरळू लागली, धड उत्तर देईनाशी झाली, तर निर्णय माझा, आणि त्यावर कुणी वाद घालायचा नाही. तीन प्रश्न ठरले : वार कुठला, आपण कुठल्या गावात आहोत, पोराचं नाव काय. दादाने हे ऐकून मान हलवली. पहिल्यांदा त्या दिवसाबद्दल बोलला. म्हणाला, “त्या दिवशी बाटली तू घेतली नाहीस ते बरं केलंस.”

शर्यतीला आम्ही पाचच्या ऐवजी तिघं गेलो, आणि दोनच ठिकाणी उभे राहिलो. ‘पाणी पी’ हा शब्द उच्चारायचा नाही, असं ठरलं होतं. मग ओरडायचं काय? वहिनी म्हणाली, “किती राहिलं ते सांगू नका. मी कशी दिसते ते सांगा.” त्यामुळे भाचा ओरडायचा, “खांदे खाली! छान चाललीस!” आणि ती खरंच खांदे खाली सोडायची. ती जवळ आली की दोन्ही हातांची बोटं पसरून दाखवायची. सुजलेली आहेत का ते मी बघायचे.

पंधराव्या किलोमीटरला मी त्याच अंतरावर उभी राहिले होते. माझेच हात थरथरत होते. ती दुरून दिसली, चालत नव्हती. मी विचारलं, “वार कुठला?” ती न थांबता म्हणाली, “रविवार गे, रविवार.”

आठ तास चार मिनिटांनी ती आली. दादा कुंपणाच्या अलीकडे उभा होता, रेषेच्या जवळही गेला नाही. तिला बाहेर यायला पंधरा मिनिटं लागली, तेवढा वेळ तो थर्मास छातीशी धरून उभा होता. आत पेज होती. पहाटे साडेचारला उठून त्यानेच शिजवली होती, मीठ मोजून.

खोलीवर आल्यावर वजन केलं. सकाळी ५८.६, आता ५७.७. घरी परतल्यावर दादाने कॅलेंडरवर त्या रविवारच्या चौकोनात पेन्सिलीने ते दोन आकडे लिहिले.